विश्रांती घेणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले ते सोलापूरच्या कामगार चळवळीचा इतिहास सांगण्यासाठी. आम्ही होकार दिला, टिपणेही काढली. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि विषय बदलला. फाल्गुनात आमच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. पित्ताशयात पॉलिप निघाला, म्हणून पित्ताशयच काढून टाकावे लागले. घरी सोडताना रुग्णालयाने जो कागद हाती दिला त्यावर औषधांची यादी होती, टाके दाखवायला येण्याची तारीख होती, आणि सर्वांत खाली दोन शब्द होते : 'विश्रांती घेणे'.

किती दिवस, ते लिहिले नव्हते. त्या दिवसांत चूल कशी पेटायची, हे तर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षे आम्ही कामगारांचे कागद वाचत आलो. सेवापुस्तके वाचली, बडतर्फीच्या नोटिसा वाचल्या, तडजोडीचे करार वाचले. कागदावर जे लिहिलेले नसते तेच पुढे नडते, हा आमचा अनुभव. तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही या दोन शब्दांचा इतिहास शोधू लागलो. वाचनालयातून पुस्तके आणवली, डॉक्टरमित्रांना पिडले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले, त्यामुळे ही सवय अंगवळणी आहे. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो. चळवळीचा इतिहास त्यातही येईलच. तो टाळू म्हटले तरी टळत नाही.

प्रथम दुखण्याविषयी. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृताखाली लहानशा पेरूएवढी एक पिशवी असते, तिला पित्ताशय म्हणतात. तिच्यात तीस ते पन्नास मिलिलिटर पित्त साठते व घट्ट होते. तेलातुपाचे जेवण पोटात गेले की पिशवी आकुंचन पावते आणि ते पित्त आतड्यात उतरते. या पिशवीच्या आतल्या अस्तरावर कधी कधी अंकुरासारखी वाढ होते. तिलाच पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात, कोलेस्टेरॉलचे साचून झालेले असतात. थोडे मात्र पुढे कर्करोगाकडे वळू शकतात, आणि बाहेरून पाहून कोणता कोठे जाईल हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वैद्यकाने एक माप ठरवले आहे : दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, आणि प्रकृती झेपणारी असेल, तर पित्ताशय काढावे, लहान असेल तर रुग्णाचे वय व इतर लक्षणे पाहून ठरवावे. आमचा बारा मिलिमीटरचा होता. ज्वारीचे दोनतीन दाणे शेजारी ठेवले तर तेवढे होईल. एवढ्याशा वस्तूने आमच्यासारख्या मोर्चे काढणाऱ्या माणसाला आठ दिवस झोप लागू दिली नाही, कारण काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल यायला तेवढे दिवस लागले. अहवाल चांगला आला. पण त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते पुस्तकात नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे दुखणे आमच्या आजोबांना झाले असते तर कोणाला कळलेच नसते. पित्ताशयाचे चित्र क्ष-किरणांवर उमटवण्याची युक्ती ग्रॅहॅम आणि कोल या अमेरिकन डॉक्टरांनी १९२४ साली काढली. ध्वनिलहरींनी पोटाच्या आत पाहण्याची पद्धत ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांच्या १९५८ सालच्या लेखानंतर जगात पसरू लागली. आज गल्लीबोळात 'सोनोग्राफी'च्या पाट्या दिसतात. म्हणजे रोग पाहणारा डोळा आम्हाला मिळाला. प्रश्न पुढचा आहे : रोग काढल्यावर माणूस उठून उभा राहीपर्यंत त्याला कोण पाहणार?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एकोणिसावा अध्याय आहे, 'व्रणितोपासनीय' नावाचा. ज्याला जखम आहे अशा माणसाची देखभाल कशी करावी, एवढाच त्याचा विषय. शस्त्रे कोणती, चीर कशी द्यावी हे इतर अध्यायांत आहे. पण बरे होणे या गोष्टीला सुश्रुताने स्वतंत्र अध्याय दिला. खोली वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित व स्वच्छ असावी, अंथरूण ऐसपैस असावे, दिवसा झोपू नये, नवे धान्य व जड अन्न वर्ज्य करावे, असे त्यात सांगितले आहे. आणि सर्वांत गोड सूचना अशी की, जवळच्या मित्रांनी भोवती बसून गोष्टी सांगाव्यात, म्हणजे जखमेची वेदना विसरते. आम्हाला भेटायला येणाऱ्या कामगारमित्रांना आम्ही हे सांगितले, तेव्हा एकाने विचारले, "भाऊ, त्या मित्रांची त्या दिवसाची हजेरी कोण भरत होतं?" सुश्रुताकडे याचे उत्तर नाही. घर, मित्र आणि दाणागोटा ज्याच्याकडे आहे अशा रुग्णाची ती देखभाल होती. ज्याचे पोट हातावर आहे त्याच्या विश्रांतीचा विचार करायला गिरणीचा भोंगा वाजावा लागला.

आता आपण बर्लिन शहरी जाऊ. १५ जुलै १८८२ रोजी तेथील लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख नावाच्या शल्यविशारदाने माणसाचे पित्ताशय प्रथम काढले. त्यापूर्वी डॉक्टर पिशवी उघडून खडे काढीत आणि पिशवी जागेवर ठेवीत. १८६७ साली अमेरिकेत जॉन बॉब्ज यांनी तसे केले होते. लांगेनबुखचे म्हणणे असे की, पिशवीत खडे आहेत एवढेच नव्हे, पिशवीच खडे तयार करते. तेव्हा तीच काढली पाहिजे. त्याने आधी प्रेतांवर हात बसवून घेतला होता. रुग्ण त्रेचाळीस वर्षांचा. सोळा वर्षे कळा सोसून मॉर्फीनच्या आहारी गेलेला. दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता आणि तो चिरूट ओढीत होता, अशी नोंद आहे. बाराव्या दिवशी तो चालू लागला आणि सहा आठवड्यांनी घरी गेला.

वैद्यकाच्या पुस्तकात ही कथा येथे संपते. आमच्या दृष्टीने ती येथून सुरू होते. कारण त्याच बर्लिन शहरात, पुढच्याच वर्षी, १८८३ साली, जर्मन संसदेने कामगारांच्या आजारविम्याचा कायदा केला. कायदा करणारा बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू काढून घ्यावी हा त्याचा हेतू. पण कायदा झाला. आजारी कामगाराला तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरी, तेरा आठवड्यांपर्यंत. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक हिस्सा मालकाचा. एका शहरात एका वर्षाच्या अंतराने दोन शोध लागले : पित्ताशय काढता येते हा एक, आणि बरे होण्याच्या दिवसांचीही मजुरी असू शकते हा दुसरा. पहिल्या शोधाचे नाव वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. दुसऱ्याचे नाव आपण तरी पाठ करावे. तेरा आठवडे म्हणजे एक्याण्णव दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पगार वेळेवर व्हावा, या मागण्या आपण ऐकलेल्या असतात. पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर असताना कामगार जायबंदी झाला तर तो बरा होईपर्यंत त्याला पुरी मजुरी मिळावी, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. बर्लिनमधली बातमी लोखंड्यांपर्यंत पोचली होती की नाही, हा मुद्दा गौण आहे. कामगार अडाणी, त्याला हक्क कशाशी खातात हे ठाऊक नव्हते, असे जे म्हणतात त्यांनी १८८४ चे हे निवेदन पाहावे. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. हे लोखंडे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच वारले. बरे होईपर्यंतच्या मजुरीची मागणी मात्र त्यांच्या पश्चात कित्येक वर्षे पडून राहिली.

आपल्या सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली, जिला गाव जुनी गिरणी म्हणे. मागाहून नरसिंग गिरजी निघाली, विष्णू आणि लक्ष्मी निघाल्या. गिरणीने गावाच्या भाषेला जे शब्द दिले त्यांत एक शब्द फार बोलका आहे : खाडा. कामावर न जाणे म्हणजे खाडा. लग्नाला गेला तरी खाडा, दारू पिऊन पडला तरी खाडा आणि तापाने फणफणला तरी खाडाच. हजेरीच्या बुकात तिन्हींची खूण एकच. आजारी माणसाच्या जागी बदली कामगार उभा राही. तो दारात वाटच पाहत असे, कारण त्याच्याही घरी चूल होती. एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याची भाकरी, अशी ती रचना होती. त्यामुळे कामगार दुखणे लपवी. साच्यापाशी उभा राहून कळ सोशी, आणि अगदी आडवा झाला की सावकाराच्या दारात जाई.

कायद्याने पहिले पाऊल टाकले ते अपघातापुरते. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. यंत्रात हात गेला तर भरपाई. पोटात कळ उठली तर खाडा. जणू हात मालकाच्या कामात झिजतो आणि पोट मात्र कामगाराची खासगी बाब आहे! १९२७ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आजारविम्याचे करार मंजूर केले. त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारने ते येथे लागू करणे अशक्य ठरवले. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगावर ना. म. जोशी सभासद होते. त्या आयोगाने १९३१ च्या अहवालात आजारविम्याचा प्रश्न पुन्हा पुढे आणला. मग महायुद्ध आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांना आजारविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. आडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला. त्याच्या पायावर १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५४ साली ती नागपूर आणि मुंबईला आली व पुढे इतर गिरणगावांत पसरली. सुरुवातीला वर्षातून छप्पन्न दिवस आजारभत्ता मिळे. पुढे ती मर्यादा वाढवत वाढवत एक्याण्णव दिवसांवर नेली. तेरा आठवडे! बिस्मार्कच्या कायद्यातला आकडा आपल्या कामगाराच्या पदरात पडायला शंभर वर्षांचा प्रवास झाला.

आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. आम्ही आठनऊ वर्षांचे असताना त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि शस्त्रक्रिया झाली. उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण होता. आंघोळीच्या वेळी तो दिसे, आणि आम्हा मुलांना वाटे की वडिलांना कोणी तलवार मारली असावी. दहा दिवस ते रुग्णालयात होते आणि त्यानंतर सहा आठवडे घरी. त्यांच्या ट्रंकेत विमा योजनेचे एक कार्ड होते. त्या कार्डावर दवाखान्यातून दाखला मिळे आणि दाखल्यावर मजुरीच्या निम्म्याच्या आसपास भत्ता. आई त्या दिवसांत काटकसरीने वागली, पण उसने मागायला गेली नाही. वडील अंगणातल्या बाजेवर पडून आम्हाला पाढे विचारीत. आमच्या लहानपणी वडील दिवसाउजेडी घरी असल्याचे जे थोडे दिवस आठवतात ते हेच. हक्क म्हणजे काय, असे आम्हाला कोणी विचारले तर आमच्या डोळ्यांपुढे ती बाज येते.

मोठ्या लोकांच्या विश्रांतीची चिंता अर्थातच वेगळी असते. १९५३ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँटनी ईडन यांची हीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये झाली आणि तीत पित्तनलिकेला इजा झाली. बोस्टनला नेऊन ती सांधावी लागली. ईडन ऑक्टोबरपर्यंत कामावर नव्हते, तरी त्यांची खुर्ची कोणा बदली कामगाराला दिली गेली नाही. पुढे ते पंतप्रधान झाले. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे पित्ताशय १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये काढले, तेव्हा त्यांनी सदरा वर करून वार्ताहरांना व्रण दाखवला आणि ते छायाचित्र जगभर छापून आले. आमच्या वडिलांचा व्रण त्याच जागी होता. शरीराच्या बाबतीत अध्यक्ष आणि साचेवाला यांच्यात निसर्गाने भेद केलेला नाही. भेद असेल तर तो हजेरीच्या बुकात.

आता विश्रांती म्हणजे तरी काय, याविषयी वैद्यकाचेच मत कसे फिरले ते पाहण्यासारखे आहे. इंग्रज शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्याने दिली. विश्रांती हेच निसर्गाचे औषध, असा त्यांचा सिद्धांत. शिष्यांनी तो एवढा ताणला की पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन दोन, तीन तीन आठवडे रुग्णाला अंथरुणावर खिळवून ठेवू लागले. त्यात पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि बरा होत आलेला माणूस दगावे. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ सालीच, रुग्णांना लवकर उठवा, असे सांगितले होते. कोणी ऐकले नाही. १९३८ च्या सुमारास डेट्रॉइटचे डॅनियल लाइटहाउझर यांच्या एका रुग्णाने आंत्रपुच्छ काढल्यावर दुसऱ्याच दिवशी घरी जाण्याचा हट्ट धरला. तो झपाट्याने बरा झाला, तेव्हा डॉक्टरांचे डोळे उघडले. पाठोपाठ महायुद्धाने खाटांची टंचाई आणली आणि लवकर उठवण्याची पद्धत रूढ झाली. १९४७ साली रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाचे धोके सांगणारा एक खुसखुशीत लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. गेल्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी या साऱ्याला शास्त्रशुद्ध रूप दिले.

शस्त्रक्रियाही बदलली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूह यांनी पोट न फाडता, छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे घालून पित्ताशय काढले. स्वदेशातल्या सहव्यवसायिकांनी त्यांची टर उडवली. एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल त्यांना कोर्टात दोषी ठरवले गेले, पुढे त्यातून ते मुक्त झाले, आणि १९९२ साली त्याच देशाच्या शल्यविशारदांच्या संस्थेने त्यांचा गौरव केला. भारतात ही शस्त्रक्रिया मुंबईचे डॉ. टेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली प्रथम केली. दुर्बिणीने गरिबांचे भले होईल, कारण गरिबाला लवकर कामावर जावे लागते, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि अडचणही तेथेच आहे. आमच्या पोटावर वीतभर व्रण नाही, चार लहान छिद्रे आहेत. त्याच संध्याकाळी आम्हाला बसवले, दुसऱ्या दिवशी चालवले आणि घरी पाठवले. दोन दिवस उजवा खांदा दुखत होता. पोटाची शस्त्रक्रिया आणि दुखतो खांदा! विचारल्यावर कळले की पोट फुगवायला आत वायू भरतात, तो पडद्याला लागतो आणि कळ खांद्यात उमटते. पित्त आता थेंबाथेंबाने सरळ आतड्यात उतरते, म्हणून सुरुवातीला थोडे थोडे जेवायचे, तेलकट टाळायचे. सोलापूरच्या माणसापुढून शेंगाचटणीची वाटी उचलून नेणे म्हणजे काय, हे आमच्या घरच्यांना विचारा! आठवड्याने आम्ही रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊ लागलो. डॉक्टरांनी सांगितले, बैठे काम एकदोन आठवड्यांत सुरू करा. जड वजन मात्र चारसहा आठवडे उचलू नका, आतले स्नायू सांधायला तेवढा वेळ लागतो.

श्रोतेहो, छिद्र लहान झाले म्हणून आतली जखम नाहीशी होत नाही. ज्याचे काम टेबलाशी आहे त्याला एक आठवडा पुरतो. यंत्रमागावर बीम चढवणाऱ्याला पुरत नाही. मांडीवर सूप घेऊन, पोट दुमडून, दिवसाला हजार बिड्या वळणाऱ्या बाईला तर मुळीच पुरत नाही. पण व्रण दिसत नाही, म्हणून दुखणेही कोणाला दिसत नाही.

आमच्या वडिलांची गिरणी आज नाही. जुनी गिरणी साठीच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदीत. चादरीचे नाव राहिले. ती चादर आता यंत्रमागावर विणली जाते. शेडमध्ये चारसहा माग, मजुरी नगावर. कामगारांची संख्या कायद्याच्या मर्यादेखाली ठेवण्याच्या युक्त्याही आम्ही पाहिल्या आहेत. विडीघरकुलात आणि पूर्वभागात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात, मजुरी हजारी. विमा योजनेत आजही आजारभत्ता आहे : एक्याण्णव दिवस, मजुरीच्या सत्तर टक्के. पण तो ज्याचे नाव नोंदलेले आहे आणि वर्गणी भरलेली आहे त्याला. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा केला होता, त्यातून दवाखाने चालत. २०१७ साली जीएसटी आला आणि त्या निधीला पोसणारा बिड्यांवरचा उपकर रद्द झाला.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे गरिबाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, आणि ते फार मोठे काम आहे. पण योजना रुग्णालयाच्या दाराशी संपते. कापण्याचे पैसे मिळतात, सांधण्याचे मिळत नाहीत. आमच्या ओळखीची एक विडीकामगार भगिनी आहे. हीच शस्त्रक्रिया, खर्च शून्य. आठव्या दिवशी आम्ही विचारपूस करायला गेलो, तर ती भिंतीला टेकून, पोटाला उशी बांधून, सूप घेऊन बसलेली. "अक्का, हे काय?" म्हटले, तर म्हणाली, "पोट शिवलंय भाऊ, भूक कुठं शिवली?"

शेजारच्या आंध्रात २०१९ च्या डिसेंबरात एक योजना सुरू झाली होती, 'आरोग्य आसरा' नावाची. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला बरे होईपर्यंतच्या काळासाठी दिवसाला दोनशे पंचवीस रुपये, महिन्याला जास्तीत जास्त पाच हजार. आमच्या पद्मशाली बांधवांना तिकडच्या नातेवाइकांकडून ती कळली आणि त्यांनीच आम्हाला सांगितली. रक्कम थोडी होती. पण तिच्यामागचा विचार १८८३ चा आणि १८८४ चा होता : बरे होणे हेही काम आहे, आणि त्या कामालाही दिवस लागतात.

आता एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय हे व्याख्यान संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी यंत्रमाग कामगारांचा संप होता. धरणे चालू होते आणि माणसे कमी पडत होती. एका सहकाऱ्याची हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन बारा दिवस झाले होते. आम्ही निरोप धाडला, "नुसतं येऊन बस." तो आला. पोटावर हात धरून दिवसभर उन्हात बसला. संध्याकाळच्या भाषणात आम्ही त्याच्या निष्ठेचे कौतुक केले, टाळ्याही पडल्या. मालकाने हेच केले असते तर आम्ही त्याच्याविरुद्ध पत्रक काढले असते. स्वतः पोट धरून जिना चढायची वेळ आली तेव्हा त्या माणसाचा चेहरा आम्हाला आठवला. परवा त्याच्या घरी जाऊन आलो. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती." मालकापुढे नाही म्हणायची सोय व्हावी म्हणून संघटना असते. संघटनेपुढेच ती नसेल, तर आमचे काही चुकले आहे.

आपल्याला न थकता राबणाऱ्यांचे कौतुक फार. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली चीनला गेले, युद्धभूमीवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, आजार बळावत असतानाही काम सोडले नाही, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांना आमचे वंदन आहे. ते एका महायुद्धातले बलिदान होते, आणि ते त्यांनी स्वखुशीने केले. पण शांततेच्या काळात, चार चादरी आणि हजार बिड्यांसाठी, रोज कोणाकडून तेवढेच बलिदान मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. मालकाला नाही, सरकारला नाही आणि संघटनेलाही नाही.

तेव्हा आमची मागणी लहान आहे. रुग्णालयाच्या कागदावर 'विश्रांती घेणे' या शब्दांपुढे आकडा लिहावा : बैठ्या कामाला इतके दिवस, वजनाच्या कामाला इतके दिवस. असा आकडा असलेला कागद हाती असला की कामगार तो मालकापुढे ठेवू शकतो आणि आम्ही तो सरकारपुढे ठेवू शकतो. दुसरे, ज्या योजनेतून कापण्याचे पैसे मिळतात तिच्यातूनच त्या दिवसांची मजुरी मिळावी. आणि तिसरे आम्ही आमच्यापासून सुरू केले आहे. संघटनेच्या बैठकीत ठराव झाला की, शस्त्रक्रिया झालेल्या सभासदाला दाखल्यावरचे दिवस संपेपर्यंत कोणत्याही धरण्याला बोलावायचे नाही, आणि त्याच्या घरी आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन बसायचे, गोष्टी सांगायला. सुश्रुताने सांगितलेलेच आहे. पहिली पाळी आमची होती. आम्ही अक्काकडे गेलो, सूप उचलून कोनाड्यात ठेवले आणि तासभर बसलो.

तासाभराने तिने सूप परत मागितले. आम्ही ते दिले. कारण त्या दिवसाच्या मजुरीची सोय आम्ही अजून केलेली नाही. ती होईल तेव्हा या व्याख्यानमालेत पुन्हा येऊ आणि कामगार चळवळीचा राहिलेला इतिहास सांगू.